कौटुंबिक वादासाठी वकील निवडताना: पहिल्या भेटीआधीची तयारी

पहिल्या वकिलांकडे आम्ही गेलो ते मामांच्या ओळखीवर. धाकटी बहीण, आई आणि मी. बहिणीनं तोंड उघडलं की तिला रडू यायचं, आणि पिशवीत लग्नाच्या अल्बमशिवाय काहीही नव्हतं. दहा मिनिटांत कोऱ्या वकीलपत्रावर सही झाली, आगाऊ पैसे दिले, पावती मागायचं कुणाला सुचलं नाही. पुढचे आठ महिने तारखेमागून तारीख पडत गेली आणि आपल्या अर्जात काय लिहिलंय हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. आपण तयारीनं गेलो असतो, तर इथं थांबायचं नाही हे त्या दहा मिनिटांतच कळलं असतं. आता ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

सुरुवात घरी, कागदापासून करा. आधी एक-दोन पानांचं तारखांचं टिपण. लग्न कधी, कुठं झालं, शेवटचं एकत्र कुठं राहिलात, वेगळे कधीपासून आहात, मुलांच्या जन्मतारखा, पोलिसांत किंवा समुपदेशन केंद्रात गेला असाल तर कधी. सासू कशी वागली हे नंतर सांगता येतं, आधी तारखा. कारण हिंदू विवाह कायद्यात लग्नाला वर्ष होण्याआधी घटस्फोटाचा अर्ज सहसा करता येत नाही, आणि परस्पर संमतीनं वेगळं व्हायचं तर किमान वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्ज कुठं करायचा हेही यावरूनच ठरतं. सासर पुण्यात असलं तरी बायको माहेरी कोल्हापुरात राहत असेल, तर तिला घटस्फोटाचा अर्ज इथं करता येतो. बहिणीला हे कुणी सांगितलंच नव्हतं, ती पुण्याच्या फेऱ्यांच्या भीतीनंच अर्धी झाली होती.

मग बाकीचे कागद: लग्नपत्रिका, लग्नाचे फोटो, विवाह नोंदणीचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, शाळेच्या फीच्या आणि दवाखान्याच्या पावत्या, पासबुकं, पगाराच्या स्लिपा. पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंनी उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यायचं असं सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये ठरवून दिलंय, त्यामुळे नवऱ्याच्या पगाराबद्दल जे कळेल तेही लिहून ठेवा. फोनवरचे मेसेज पुसू नका, आणि तो फोन विकू नका. नुसते स्क्रीनशॉट पुढं पुरतीलच असं नाही.

स्त्रीधनाची यादी वेगळ्या पानावर करा. प्रत्येक दागिना, वजन, कुणी दिला, आता कुणाकडे आहे. बहिणीचा साज सासरच्या कपाटात होता आणि तो आम्ही दिलाच नव्हता असं तिकडून सांगितलं जात होतं. आईनं ट्रंकेतल्या साड्यांच्या घडीत गुजरीतल्या सराफाची पावती जपून ठेवली होती. घडीवर फाटत आलेली, पण बाबांचं नाव, वजन आणि तारीख वाचता येत होती. त्याच आठवड्यातला हळदीचा फोटो, गळ्यात साज. नंतर आम्ही ज्यांच्याकडे गेलो, त्या दुसऱ्या वकील मॅडमनी दोन्हीच्या झेरॉक्सवर कोपऱ्यात पेन्सिलीनं नंबर टाकले आणि म्हणाल्या, "मूळ पावती घरी न्या, मागेन तेव्हाच आणा." मूळ कागद कुणाच्याही ऑफिसात सोडून येऊ नका. झेरॉक्सचे दोन संच न्या.

सगळ्यात अवघड काम म्हणजे आपल्याला काय हवंय हे ठरवणं. पुन्हा नांदायला जायचंय, वेगळं राहून पोटगी हवीय, मूल जवळ हवंय, की घटस्फोटच? मारहाण होत असेल आणि राहत्या घरातून काढलं जाण्याची भीती असेल, तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो, त्यासाठी घटस्फोट मागावाच लागतो असं नाही. नातेवाईकांच्या गराड्यात हे ठरत नाही. जिचा संसार आहे तिनं एकटीनं बसून लिहावं, भले पहिल्या दिवशी ते अर्धवट राहो.

वकिलाचं नाव मात्र नातेवाईकांपेक्षा कौटुंबिक न्यायालयातून गेलेल्या माणसाकडून घ्या. शेतीच्या वाटणीत तरबेज असलेला वकील या कामात असेलच असं नाही. दोघा-तिघांना भेटा, सल्ल्याची फी गेली तरी चालेल. आपलं कोल्हापूर एकमेकांच्या ओळखीत गुंतलेलं आहे, म्हणून समोरच्या पार्टीचं काम कधी केलंय का, हे सरळ विचारा. चांगल्या वकिलाला त्याचा राग येत नाही. तारखेला स्वतः येणार की ज्युनिअर? अर्ज दाखल करण्याआधी मला मराठीतून वाचायला मिळेल का? १९८४ च्या कायद्याप्रमाणे कौटुंबिक न्यायालयात वकील हा पक्षकाराचा हक्क नाही, तो कोर्टाच्या परवानगीनं उभा राहतो, आणि समुपदेशकापुढं आपल्याला स्वतःलाच बोलावं लागतं. त्याची तयारी करून घेणार का, हेही विचारा. अपील हायकोर्टात जातं. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच हायकोर्टाचं सर्किट बेंच बसतं, तेव्हा मुंबईच्या खेपांचा धाक कुणी घातला तर घाबरू नका.

त्यांनी तुम्हाला किती प्रश्न विचारले हेही मोजा. आमच्या मॅडमनी अर्धा तास फक्त विचारलं, आणि बहिणीच्या एका मागणीवर "हे मिळणं कठीण आहे" असं तोंडावर सांगितलं. मला तिथंच भरवसा वाटला. "जज ओळखीचे आहेत", "सहा महिन्यांत मोकळं करतो", "दिराचं नाव घाला, दबाव येतो", असलं काही ऐकू आलं तर नमस्कार करून बाहेर पडा.

फी पूर्ण प्रकरणाची की तारखेची, टायपिंग-नोटरी त्यात धरलेली आहे का, हप्ते चालतील का, हे वहीत लिहून घ्या आणि दर वेळी पावती मागा. मिळणाऱ्या पोटगीत टक्के ठरवून फी घेणं बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही. पैसे नसतील म्हणून गप्प बसू नका. बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्यानं दिलाय. कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा, किंवा १५१०० वर फोन करा.

आधीच कुणाला वकीलपत्र दिलं असेल तर वकील बदलता येतो. जुन्या वकिलांची ना-हरकत घेऊन नवं वकीलपत्र द्यायचं असतं. फी बाकी आहे म्हणून पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, हेही सुप्रीम कोर्टानं सांगितलेलं आहे. आम्ही हे फार उशिरा ऐकलं.

भेटीला जाताना एकच माणूस सोबत न्या, आणि मुलांना शेजारी किंवा आत्याकडे ठेवा, त्यांच्यासमोर हे बोलणं नको. कोऱ्या कागदावर सही करू नका. अर्ज दाखल झाला की सीएनआर नंबर, म्हणजे आपल्या प्रकरणाचा ओळख क्रमांक, मागून घ्या, तो ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख आपल्याच फोनवर दिसते. आता दर तारखेच्या आदल्या रात्री बहीणच ते उघडून बघते आणि मला सांगते, "अक्का, उद्या आहे गं, अकराला निघू."