फिशटँकसाठी बोअरचं जड पाणी मऊ कसं करावं

नळाच्या तोंडाशी पांढरा थर, गीझरच्या कॉईलवर खडबडीत कवच, साबणाला फेस नाही, डाळ शिजता शिजत नाही. घरी बोअरचं किंवा टँकरचं पाणी येत असेल तर हे सगळं ओळखीचं असतं. फिशटँकमध्ये हेच पाणी काचेवर पांढरी किनार काढतं. ती ब्लेडने खरवडून काढली तरी पाणी थोडं आटलं की पुन्हा दिसते. ही किनार बहुतेक कॅल्शियम कार्बोनेटची, म्हणजे चुन्याची असते.

दख्खनच्या काळ्या पाषाणातून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट विरघळलेलं असतं, म्हणून आपल्याकडचं बोअरचं पाणी बहुतांशी जड. धरणातल्या पावसाच्या पाण्याची गोष्ट वेगळी. मुंबईला तानसा, भातसा, वैतरणेचं पाणी येतं, पुण्याला खडकवासला-पानशेतचं. ते बऱ्यापैकी मऊ असतं. पण त्याच पुण्याच्या कडेच्या सोसायट्यांत पालिकेचं पाणी, बोअर आणि टँकर एकाच टाकीत पडतात. अशा घरी आज मोजलेला आकडा आठवड्याने तोच असेल याचा भरवसा नाही.

आधी ठरवा: मऊ पाणी हवंच आहे का?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि दुकानात तो क्वचितच विचारला जातो. गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल, गोल्डफिश आणि आफ्रिकेतल्या मलावी तलावाचे सिक्लिड यांना जड पाणी चालतं. मॉलीला तर ते मानवतं. हे मासे पाळणार असाल तर पाण्याला हात लावू नका. क्लोरीन काढा आणि टँक भरा.

मऊ पाणी लागतं ते अ‍ॅमेझॉनच्या आणि शेजारच्या ओरिनोको नदीच्या खोऱ्यातल्या माशांना: कार्डिनल टेट्रा, राम सिक्लिड, डिस्कस. निऑन आणि एंजल आज शेतांवर पैदास केलेले मिळतात. ते मध्यम जड पाण्यात नीट राहतात, मात्र अंडी घालून पिल्लं काढायची असतील तर पाणी मऊच हवं, कारण डिस्कस-टेट्राची अंडी जड पाण्यात नीट फळत नाहीत. मला विचाराल तर घरचं पाणी जड असेल आणि पहिलाच टँक असेल, तर माशाप्रमाणे पाणी बदलण्यापेक्षा पाण्याप्रमाणे मासा निवडावा. कार्डिनलचा थवा ठेवायचाच असं मनाने घेतलं असेल तर पुढे वाचा.

मोजल्याशिवाय काही करू नका

दोन आकडे लागतात. जीएच म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम किती आहे ते, अर्थात पाण्याचा खरा जडपणा. केएच म्हणजे बायकार्बोनेट किती आहे ते. पीएच (पाणी किती आम्लधर्मी आहे त्याचा आकडा; जितका कमी तितकं आम्लधर्मी) खाली घसरू न देण्याचं काम केएच करतो. दोन्ही अंशांत मोजतात आणि एक अंश म्हणजे लिटरला सुमारे १७.९ मिलिग्रॅम. पाण्याच्या लॅब रिपोर्टवर ‘टोटल हार्डनेस’ मिलिग्रॅममध्ये असतो, त्याला १७.९ ने भागलं की जीएच मिळतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० मिलिग्रॅमपर्यंतचा जडपणा चांगला मानतात आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे पिण्यास योग्य ठरलेलं पाणीसुद्धा ३३ अंशांचं असू शकतं. कार्डिनलला ६ च्या आसपास ठेवायचं असतं.

पेनासारखं टीडीएस मीटर स्वस्त आहे आणि उपयोगीही आहे, पण ते जडपणा मोजत नाही. मीठ, सोडा, चुना असं जे जे विरघळलेलं असेल त्याचा एकत्रित अंदाज ते देतं. म्हणून जीएच-केएचचं थेंबांचं टेस्ट किट घ्या. नळीत ५ मिलिलिटर पाणी घ्यायचं, एकेक थेंब टाकायचा, प्रत्येक थेंबानंतर झाकण लावून हलवायचं आणि थेंब मोजत राहायचं. बहुतेक किटमध्ये केएचचा रंग निळ्याचा पिवळा होतो. तो कडेने नव्हे, पूर्ण पालटला की थांबायचं. जितके थेंब तितके अंश. मऊ पाणी मोजताना १० मिलिलिटर घ्या, म्हणजे एका थेंबाला अर्धा अंश पडतो आणि आकडा बारकाईने कळतो.

बोअरचं ताजं पाणी लगेच तपासू नका. जमिनीखालून आलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड भरपूर असतो, त्यामुळे पीएच खोटा कमी दिसतो. बादलीत एअर पंपचा दगड सोडून रात्रभर बुडबुडे चालू द्या आणि सकाळी मोजा.

टँकमध्येच चुना नाही ना, ते बघा

पाणी मऊ करायचं आणि तळाशी संगमरवराची पांढरी खडी, प्रवाळाची वाळू किंवा किनाऱ्यावरून आणलेले शंख-शिंपले ठेवायचे, हे जमत नाही. पाणी जितकं मऊ आणि आम्लधर्मी, तितका त्यातला चुना लवकर विरघळतो. दगड कोरडा करून थोडा खरवडा आणि त्यावर व्हिनेगरचे चार-पाच थेंब टाका. बारीक बुडबुडे उठले, कानाशी धरल्यावर चुरचुर ऐकू आली, तर तो दगड बाहेर. आपला काळा बेसॉल्ट चालतो. नदीची वाळू मात्र मूठभर घेऊन तपासाच, तिच्यात चुनखडीचे पांढरट खडे मिसळलेले असतात.

खात्रीचा मार्ग: आरओचं पाणी मिसळणं

कॅल्शियम पाण्यातून काढून टाकण्यापेक्षा कॅल्शियम नसलेलं पाणी त्यात मिसळणं सोपं, स्वस्त आणि माशांना सुरक्षित आहे. घरातल्या आरओ फिल्टरचं पाणी यासाठी उत्तम, फक्त एक गोष्ट आधी बघून घ्या. पिण्याच्या बऱ्याच मशीनमध्ये टीडीएस कंट्रोलर किंवा मिनरलची नळकांडी असते आणि ती चवीसाठी क्षार परत मिसळते. तुमच्या आरओच्या नळाचं पाणी मोजा. जीएच १-२ च्या आत असेल तर तसंच वापरा. जास्त असेल तर मेकॅनिककडून मेम्ब्रेननंतर (क्षार अडवणाऱ्या पडद्यानंतर) लगेच एक टी-जोड आणि वेगळी नळी काढून घ्या. घरी आरओ नसेल तर २० लिटरचे जार चालतात, पण प्रत्येक प्लँटचं पाणी वेगळं असतं, तेव्हा तेही मोजूनच घ्या.

हिशोब साधा आहे. हवा असलेला जीएच भागिले बोअरचा जीएच, म्हणजे बोअरच्या पाण्याचा वाटा. समजा बोअरचा जीएच २०, केएच १४ आणि तुम्हाला जीएच ६ हवा आहे. ६ भागिले २० म्हणजे ०.३. वीस लिटरच्या बादलीत ६ लिटर बोअरचं आणि १४ लिटर आरओचं. केएचही आपोआप ४ च्या थोडा वर येतो. आरओमध्ये स्वतःचा एखादा अंश असतो, म्हणून मिसळल्यावर एकदा मोजा आणि एखादा लिटर इकडेतिकडे करा. जमलेलं प्रमाण बादलीवर मार्करच्या रेघांनी आखून ठेवा, म्हणजे घरात दुसरं कोणी पाणी बदललं तरी चुकणार नाही.

निव्वळ आरओच्या पाण्याने टँक कधीही भरू नका. त्यात केएच जवळजवळ शून्य असतो. माशांच्या विष्ठेतल्या अमोनियावर फिल्टरमधले जिवाणू काम करतात तेव्हा ते केएच खातात. राखीव साठाच नसेल तर पीएच सहाच्या खाली घसरतो, तिथे जिवाणूंचं काम मंदावतं आणि टँकमध्ये घाण साचत जाते. केएच ३ च्या खाली जाऊ देऊ नये असं माझं मत आहे. डिस्कसची पैदास करणारे जाणकार त्याहून खाली जातात, पण ते रोज पाणी बदलतात. जीएच बरोबर आणि केएचच कमी पडत असेल तर खाण्याचा सोडा कामाला येतो: ५० लिटरला सुमारे दीड ग्रॅम टाकला की केएच एक अंशाने वाढतो. आधी तांब्याभर पाण्यात विरघळवा, मग थोडा थोडा ओता.

मिश्रणात पालिकेचं पाणी असेल तर अँटी-क्लोरीनचे थेंब टाका. हिवाळ्यात पहाटेचं गार पाणी थेट ओतू नका. हाताला दोन्ही पाणी सारखं लागलं पाहिजे, थर्मामीटर असेल तर उत्तमच.

टँकमध्ये मासे असतील तर हळूहळू

जड पाण्याला सरावलेल्या माशाला एका दुपारी मऊ पाण्यात टाकलं तर त्याच्या शरीरातलं पाणी आणि क्षार यांचं गणित बिघडतं. मासा तळाशी बसतो, जोरात श्वास घेतो, कधी दगावतो. पाणी मऊ करताना होणारे बहुतेक अपघात या घाईमुळेच होतात.

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँकमध्ये खडी आणि वरची मोकळी जागा सोडून साधारण ४५ लिटर पाणी मावतं. आठवड्याला ९ लिटर, म्हणजे पाचवा हिस्सा काढा आणि तेवढंच ६ अंशांचं मिश्रण भरा. २० वरून पहिल्या आठवड्यात जीएच १७ च्या आसपास येतो, दुसऱ्यात १५, चौथ्यानंतर १२ च्या आत आणि आठव्यानंतर साडेआठच्या आत. दोन महिने लागतात. लागू द्या. टँक नवाच असेल आणि मासे यायचे असतील, तर पहिल्या दिवसापासून मिश्रणानेच भरा.

आटलेलं पाणी कशाने भरायचं

पाण्याची वाफ होते, क्षारांची होत नाही. मार्च-एप्रिलमध्ये विदर्भ-मराठवाड्यात पंख्याखालच्या उघड्या टँकमधली पातळी भराभर उतरते आणि मग लोक नळाची नळी लावून भरून टाकतात. असं दर वेळी जड पाणी ओतलं तर जीएच चढतच जातो, साप्ताहिक बदल करूनही. आटलेल्या पाण्याची भरपाई फक्त आरओने करा. पाणी बदलायचं ते मिश्रणाने. हा एक नियम पाळला तर आकडे महिनोन्‌महिने जागचे हलत नाहीत.

पावसाचं पाणी

आपल्या प्रांताला मिळालेली ही देणगी आहे आणि पाळणाऱ्यांनी ती वाया घालवू नये. पावसाच्या पाण्यात जडपणा जवळजवळ नसतो, म्हणजे ते आरओच्या जागी, त्याच हिशोबाने वापरता येतं. पहिले काही पाऊस छप्पर धुऊन जाऊ द्या, आणि पुढेही दर वेळी पहिली पंधरा-वीस मिनिटं सोडून मग भरा. गंजका किंवा जस्ताचा पत्रा, कबुतरांची वर्दळ असलेली गच्ची, नुकतं वॉटरप्रूफिंग केलेला स्लॅब यांवरून आलेलं पाणी नको. स्वच्छ ताडपत्री ताणून ड्रममध्ये थेट धरलेलं सगळ्यात चांगलं. ड्रम खाद्यपदार्थांचा असावा, रसायनांचा जुना ड्रम कितीही धुतला तरी घेऊ नका. डास होऊ नयेत म्हणून तोंडाला कापड बांधा आणि झाकण लावा. कारखान्यांच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी मात्र आरओच बरा.

जे उपाय सांगितले जातात आणि जे करू नयेत

उकळून पाणी मऊ होतं, हे खरं आहे. दहा-पंधरा मिनिटं उकळलं की बायकार्बोनेटबरोबरचं कॅल्शियम पांढऱ्या गाळासारखं खाली बसतं. वरचं निवळ पाणी गार करून हवा मारून वापरता येतं. पण जीएच-केएच किती उतरले ते दर वेळी मोजावं लागतं आणि दर आठवड्याला एवढा गॅस जाळणं परवडत नाही. फायटर (बेटा) माशाच्या छोट्या टाकीपुरतं ठीक.

तुरटीने गढूळ पाणी निवळतं, मऊ होत नाही. कॅल्शियम तिथेच राहतं, केएच मात्र कमी होतो आणि अ‍ॅल्युमिनियम आत जातं. तुरटी फिशटँकपासून लांब ठेवा.

सोसायटीत किंवा बाथरूमला बसवलेला मिठाचा सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्याजागी सोडियम सोडतो. साबणाला फेस येतो, पण एकूण क्षार तेवढेच राहतात. कार्डिनलला त्याचा उपयोग नाही. आरओला बोअरचं थेट पाणी द्यायच्या आधी तो सॉफ्टनर लावला तर मेम्ब्रेन मात्र जास्त टिकते.

‘पीएच डाऊन’च्या बाटलीत आम्ल असतं. जीएच तसाच राहतो, आणि केएच जास्त असेल तर आज खाली गेलेला पीएच उद्या परत वर येतो. रोज खालीवर होणारा पीएच हा स्थिर ८ पेक्षा माशांना जास्त त्रासाचा.

देशी बदामाची वाळलेली पानं आणि भिजवलेलं लाकूड यांनी पाणी चहाच्या रंगाचं होतं. फायटर, टेट्रा त्यात खुलतात. मी ती आवर्जून वापरतो, पण आधी पाणी मिसळून मऊ केल्यावर. १४ केएचच्या पाण्यात पानांनी फक्त रंग येतो. पीट मॉस, म्हणजे दलदलीतलं कुजलेलं शेवाळ, थोडं कॅल्शियम धरतं. कोकोपीट म्हणजे पीट नव्हे. नारळाच्या काथ्यात सोडियम-पोटॅशियमचे क्षार असू शकतात, नर्सरीतून ते आणून फिल्टरमध्ये घालू नका. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही मऊ असतं, पण ते तांब्याच्या नळ्या आणि धुळीने भरलेल्या पत्र्यांवरून येतं, आणि तांबं कोळंबी-गोगलगायींना थोडंही चालत नाही.

पुढची देखभाल

बोअरचं पाणी उन्हाळ्यात पातळी खाली गेल्यावर बदलतं, आणि टँकर बदलला की पुन्हा बदलतं. त्यामुळे बादलीवरची रेघ कायमची समजू नका. महिन्यातून एकदा बोअरचा जीएच मोजून प्रमाण नव्याने काढा. टीडीएस मीटरचा खरा उपयोग इथे आहे: बोअर, आरओ आणि टँक यांचे तीन आकडे आठवड्याला एका वहीत लिहा. टँकचा चढत असेल तर कुठेतरी चुना विरघळतोय किंवा कोणीतरी नळाचं पाणी भरतंय. आरओचा चढत असेल तर मेम्ब्रेन बदलायची वेळ आली. आरओच्या दुसऱ्या नळीतून वाया जाणारं पाणी मूळ बोअरपेक्षाही जड असतं. ते टँकमध्ये नको, फरशी पुसायला किंवा संडासाच्या टाकीत वापरा.