रात्रीच्या ड्युटीला पोटात दुखणारी बाई आली तर सोनोग्राफीचा प्रोब कुठे ठेवायचा

पहिल्यांदा यूपीटी, म्हणजे लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट. पेशंट म्हणते पाळी वेळेवर आली, नवरा गावी असतो, तरी करायचीच, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. पॉझिटिव्ह आली आणि गर्भाशय रिकामं दिसलं की एक्टोपिक (गर्भाशयाबाहेरची प्रेग्नन्सी) डोक्यात ठेवून बाजूच्या ट्यूबा बघा आणि मॉरिसन पाऊचमध्ये (लिव्हर आणि उजव्या किडनीमधली फट) रक्त साठलंय का ते बघायला विसरू नका, तिथे दिसलं तर रिपोर्ट टाइप करत बसू नका, सरळ गायनॅकला फोन. प्रेग्नंट बाईच्या सोनोग्राफीला पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदानविरोधी) कायद्याचा फॉर्म एफ भरायचा असतोच, मुंबईत त्यात चूक परवडत नाही.

टॉर्शनमध्ये, म्हणजे ओव्हरीला पीळ पडतो त्यात, सगळे फसतात. डॉप्लरला (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) फ्लो दिसला म्हणून पेशंटला विरार लोकलने घरी पाठवू नका! ओव्हरीला रक्त दोन बाजूंनी येतं, त्यामुळे पीळ पडूनही फ्लो दिसू शकतो. सुजलेली मोठी ओव्हरी, कडेला सरकलेले फॉलिकल, पीळ पडलेल्या देठाचा भोवरा, हे शोधा. टीव्हीएसला (योनीमार्गातून सोनोग्राफी) ब्लॅडर रिकामं, पोटावरून बघताना भरलेलं.

आत जाळीजाळी दिसणारी सिस्ट म्हणजे बहुतेक हेमोरेजिक (आत रक्तस्राव झालेली), पेशंट स्टेबल असेल तर आपोआप जिरते. सीटी अपेंडिक्सचा डाउट असेल तरच, प्रेग्नंट असेल तर एमआरआय, गॅडोलिनियम कॉन्ट्रास्टशिवाय.