राजगडावर पहिल्यांदा जाताय? या चुका टाळा

सकाळी अकरा वाजता गडाच्या पायथ्याच्या गुंजवणे गावात गाडी लावून "दोन तासांत जाऊन येऊ" म्हणणारे घोळके दर रविवारी दिसतात. राजगड म्हणजे सिंहगड नव्हे. इथे वरपर्यंत गाडी जात नाही, आणि तीन माच्या (तटबंदी केलेल्या डोंगरसोंडा) अन् सगळ्यात उंचावरचा बालेकिल्ला पाहायला अख्खा दिवस लागतो. पुण्यातून पहाटे पाचला निघा, नाहीतर घरीच थांबा.

दुसरी चूक, जिचा मला खरंच राग येतो: जवळची वाट म्हणून नवख्यांनी चोर दरवाजा धरणं. गुंजवण्यातून ती वाट सरळ पद्मावती माचीवर नेते, पण शेवटचा टप्पा उभ्या कातळाचा. चढताना रेलिंगला धरून माणूस रेटून नेतो. खरी परीक्षा उतरताना होते. गेल्या पावसाळ्यात संध्याकाळी सहाच्या सुमारास त्या कातळावर कॉलेजची सात-आठ पोरं अडकलेली भेटली. एकीचे पाय लटपटत होते, ती खाली बसूनच राहिली. मागे चाळीसेक माणसं खोळंबलेली, त्यातले काही रेलिंग सोडून बाजूच्या निसरड्या गवतातून उतरू लागले. त्यांना मी ओरडून थांबवलं. मग तिच्या खाली एक, वर एक असे उभे राहून, एकेक पाऊल ठेवायला लावत तिला उतरवलं. सगळ्यांत मिळून बॅटऱ्या दोन. गावातला एक मामा कंदील घेऊन वर आला, म्हणून पुढची रानातली वाट सापडली.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी पाली दरवाजानेच जावं. वाट लांब आहे, पण पायऱ्या रुंद आहेत आणि राजमार्ग तोच होता. गाडीही त्याच बाजूला लावा.

अत्तर, डिओ, सिगारेट नकोच. आग्या मोहोळं उठली तर पळायला जागा नाही. पाणी माणशी तीन लिटर. नेढ्यात, म्हणजे कातळाला पडलेल्या आरपार भोकात, काठावर उभं राहून फोटो काढू नका, तिथला वारा माणसाला ढकलतो. सईबाई राणीसाहेब १६५९ मध्ये याच गडावर वारल्या. पद्मावतीच्या देवळाजवळची समाधी त्यांची मानली जाते. तिथे डबे उघडून बसू नका. २०२५ पासून हा गड जागतिक वारसा आहे. तटावर नाव खरडणाऱ्याला मी जागीच हटकतो, तुम्हीही हटका.

बालेकिल्ल्यावर फोटो काढून परतणाऱ्यांची मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते. त्यांची संजीवनी माची राहून जाते. तीन टप्प्यांत उतरत गेलेली ती माची, तिचे चिलखती (बाहेरून दुसऱ्या भिंतीचं कवच असलेले) बुरूज, दुहेरी तटबंदी आणि दोन तटांमधली ती अरुंद खोल वाट! बाहेरचा तट पडला तरी शत्रू आतल्या तटाखाली कोंडला जाईल अशी ती रचना आहे. मी सोबतच्यांना आधी संजीवनीच्या टोकापर्यंत नेतो, दोन तटांच्या मधून चालवतो, आणि बालेकिल्ला त्यानंतर. पावसात मात्र त्या बोळात उतरत नाही, दगड शेवाळलेले असतात.