घरात बसूनही ऊन बाधतं: या चुका टाळा

"मी कुठे काय काम केलंय? बसूनच तर आहे." मे महिन्यात दुपारी तीन वाजता आईचं हे ठरलेलं वाक्य. नेरूळला आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो, रात्री अकरालाही स्लॅबमधून धग येते. गेल्या उन्हाळ्यात एकदा मी तिची नाडी मोजली. सकाळी चहाच्या वेळी ७२ होती, दुपारी त्याच खुर्चीत ९४. ब्लाउज पाठीला चिकटलेला, बोटं सुजून अंगठी रुतलेली.

बसून आहोत म्हणजे शरीर आराम करतंय, हीच सगळ्यात मोठी चूक. शांत बसलेला माणूसही जवळपास १०० वॅटच्या बल्बइतकी उष्णता तयार करत असतो. आपली त्वचा साधारण ३५ अंशांवर असते. हवा त्याहून गार असेल तोवर ही उष्णता आपसूक बाहेर जाते. हवा तेवढीच तापली, की उरतो फक्त घाम. आतली उष्णता त्वचेपर्यंत आणायची तर रक्तच आणणार, म्हणजे हृदयाला राबावं लागतं. एरवी त्वचेकडे मिनिटाला अर्ध्या लिटरच्या आत रक्त जातं. कडक उष्म्यात हेच सहा-आठ लिटरपर्यंत जाऊ शकतं, तेही जागचं न हलता. हृदयविकार असलेल्यांना आणि वयस्कर माणसांना हे झेपत नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला आलेले लोक तासन्‌तास उन्हात बसूनच होते. उष्म्याच्या त्रासाने १४ जण गेले.

दुसरी चूक कूलरची. विदर्भातली हवा कोरडी, म्हणून तिथे कूलर वरदान आहे. आपल्याकडे खाडीची दमट हवा. ठाण्यात खिडक्या लावून कूलर सुरू केला, की थोड्या वेळात खोली कोंदट होते आणि घाम सुकायचाच थांबतो. बंद खोलीत ओल्या चादरी टांगल्या तरी तेच. एक लिटर घाम अंगावर सुकला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. निथळून फरशीवर पडलेला घाम मात्र वायाच जातो, शरीरातलं पाणी आणि मीठ तेवढं कमी होतं. त्यापेक्षा समोरासमोरच्या खिडक्या उघडा, मान, हात आणि पोटऱ्या ओल्या करा आणि पंख्याखाली बसा. आईला याचाच उतार पडतो. खोलीच ४० अंशांच्या वर गेली, तर पंख्याच्या भरवशावर राहू नका. खालच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे जाऊन बसा, संकोच करू नका.

मोबाइलवर ३५ अंश दिसले म्हणून निर्धास्त राहू नका, शेजारचा आर्द्रतेचा आकडाही बघा. हवामान खातंसुद्धा उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी भागात किमान ४० अंश धरतं, किनारपट्टीला ३७.

तहान लागेल तेव्हा पिऊ, हे म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत चालत नाही. वयाबरोबर तहानेची जाणीवच मंदावते. मी आईजवळ तांब्या भरून ठेवते आणि ती किती प्यायली ते संध्याकाळी बघते. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घाला, पेलाभर पाण्यात कालवून देऊ नका. रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर पाणी, मीठ आणि गोळ्या यांचं प्रमाण उन्हाळ्याआधीच डॉक्टरांना विचारून ठेवा, मनाने गोळी बंद करू नका. आणि खुर्चीतून झटकन उठू नका. उष्म्याने रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात, उठताच रक्तदाब घसरतो आणि भोवळ येते.

शेवटची चूक जिवावर बेतते. अंग भट्टीसारखं तापलंय, माणूस असंबद्ध बोलतोय, आणि घरचे तापाची गोळी शोधतायत. तापात मेंदूच शरीराचं तापमान वर नेतो, त्यावर पॅरासिटामॉल चालते. उष्माघातात शरीराची थंड होण्याची यंत्रणाच हरलेली असते, तिथे गोळीचा काही उपयोग नाही. १०८ ला फोन लावा, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता आणि पंखा लावा. काखेत, मानेला, जांघेत ओली थंड फडकी ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका, कुशीवर वळवा. अ‍ॅम्ब्युलन्स दारात येईपर्यंत पाणी ओतणं थांबवू नका.