मदरबोर्डवरचा सेल: दोष त्याचाच आहे का, आणि असेल तर काय करायचं

जुना संगणक सुरू करताना ‘सीमॉस चेकसम एरर’ दिसतो, तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली असते, सुरक्षित वेबसाइट उघडत नाहीत. बहुतेक वेळा दोष मदरबोर्डवरच्या सेलचाच असतो (संगणक बंद असताना घड्याळ आणि सीमॉस या छोट्या मेमरीतल्या सेटिंग्ज तोच जपतो), पण नेहमी नाही. म्हणून आधी खात्री करून घ्या.

वेळ बरोबर लावा, संगणक बंद करा आणि प्लग काढून रात्रभर तसाच ठेवा. प्लग लावलेला असताना एटीएक्स प्रकारचा पॉवर सप्लाय बंद संगणकालाही ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा देत राहतो. त्यामुळे मेलेला सेल प्लग काढेपर्यंत लक्षातच येत नाही. सकाळी तारीख गेलेली असेल, तर सेल किंवा त्याचा होल्डर बघा. संगणक चालू असतानाच घड्याळ मागे पडत असेल, तर सेल बदलून काही होणार नाही. आणि फरक दर वेळी ठरावीक तासांचाच असेल, तर टाइम झोनची सेटिंग तपासा. एकाच संगणकावर दोन ऑपरेटिंग सिस्टिम असल्या की हे अनेकदा होतं.

आता मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. प्लग काढलेला, सेल होल्डरमध्येच. काळी टोकणी कॅबिनेटच्या उघड्या धातूला, लाल टोकणी सेलच्या वरच्या बाजूला. नवा सेल ३.० ते ३.३ व्होल्ट दाखवतो, २.७ च्या खाली असेल तर बदला. सेल बाहेर काढून मोजला तर थकलेलाही बरा आकडा दाखवू शकतो, म्हणून जागेवरच मोजा.

लागतो तो सीआर२०३२: व्यास २० मिमी, जाडी ३.२ मिमी. सीआर२०२५ तेवढाच रुंद असतो, पण जाडी २.५ मिमी, तो होल्डरमध्ये सैल बसतो आणि तारीख अधूनमधून जात राहते. एलआयआर२०३२ हा रिचार्जेबल प्रकार आहे, पूर्ण चार्जला ४.२ व्होल्ट देतो, तो लावू नका.

बायोस (संगणक सुरू होताना उघडणारा सेटिंग्जचा मेनू) अजून उघडत असेल तर सेल काढण्याआधी त्याच्या पानांचे फोटो घ्या. मग प्लग काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा, कॅबिनेटच्या धातूला हात लावा आणि होल्डरची कड प्लास्टिकच्या काडीने दाबा. सेल आपोआप वर येतो. स्क्रूड्रायव्हर घसरला की बोर्डवरचा ट्रॅक (तांब्याची बारीक रेघ) कापलाच म्हणून समजा. खालची पत्ती दबलेली असेल तर किंचित वर उचला. नवा सेल + चिन्ह वर ठेवून बसवा. जुना सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. गिळला गेला तर अन्ननलिका भाजते.

सुरू केल्यावर तारीख, बूट क्रम आणि साटा मोड (डिस्कशी बोलण्याची पद्धत, आयडीई किंवा एएचसीआय) तपासा. आधी आयडीई असलेला मोड डीफॉल्टमुळे एएचसीआय झाला, किंवा उलट, तर विंडोज सुरू होताना निळी स्क्रीन येते. लगेच विंडोज नव्याने टाकायला बसू नका, मोड पूर्ववत करून बघा.

नवा सेल काही आठवड्यांतच संपला, तर आधी सीमॉस क्लिअरचा जंपर (बोर्डवरच्या दोन पिना जोडणारी छोटी टोपी) चुकीच्या जागी राहिलाय का ते पाहा. नसेल तर प्लग काढून सेलच्या वाटेत १ किलोओमचा रेझिस्टर मालिकेत जोडा आणि त्याच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज मोजा. १ मिलिव्होल्ट म्हणजे १ मायक्रोअँपिअर. दोन-पाच असेल तर ठीक, शेकड्यात असेल तर बोर्डवर कुठेतरी गळती आहे.

३८६-४८६ या जुन्या प्रोसेसरांच्या काळातल्या बोर्डांचं प्रकरण वेगळं. त्यांवर अनेकदा ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी थेट सोल्डर केलेली असते. ती चालत असली तरी काढून टाका, कारण ती आज ना उद्या गळते आणि तिच्यातला अल्कली तांब्याचे ट्रॅक खातो. हिरवट-पांढरा थर दिसला तर कापसाच्या काडीने पांढरं व्हिनेगर लावा, मग डिस्टिल्ड पाण्याने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळवा, आणि आसपासचे ट्रॅक तुटलेले नाहीत ना ते मल्टिमीटरच्या कंटिन्युइटी मोडवर तपासा.

त्या जागी थेट सीआर२०३२ लावायचा नाही. बोर्ड त्या बॅटरीला चार्ज करत असतो आणि चार्ज न होणारा लिथियम सेल त्याने फुटू शकतो. मध्ये १एन४१४८ डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) घाला, त्याच्यावरची पट्टी बोर्डच्या बाजूला. डायोडवर काही दशांश व्होल्ट जातात, आणि काही बोर्डांना उरलेले पुरत नाहीत. अशा वेळी, बोर्डवर बाहेरच्या बॅटरीची पिन असेल तर, एए आकाराचे तीन सेल मालिकेत जोडून ते वायरने बोर्डपासून लांब ठेवलेले बरे. पिनची ध्रुवता आणि जंपर मात्र बोर्डच्या मॅन्युअलप्रमाणेच लावा.

बोर्डवर सेल दिसतच नसेल आणि उंच काळा ठोकळा असेल, त्यावर डॅलस या चिप कंपनीचं नाव असेल, तर बॅटरी त्या चिपच्याच पोटात आहे. ती चिप डिसोल्डर करा (सोल्डर वितळवून काढा), जागी सॉकेट बसवा आणि डीएस१२८८७ या घड्याळ-चिपच्या जागी चालणारं, वर नाणेसेल असलेलं मॉड्युल लावा. पुढच्या वेळी सोल्डरिंगची गरज पडणार नाही. सॉकेट लावताना पिन क्रमांक १ ची खाच जुन्या चिपच्याच बाजूला ठेवा.