एकच राग, तीन रेकॉर्डिंग: तुलना करत ऐकण्याची बैठक कशी जमवावी

पहिला नियम यजमानाने दारातच सांगायचा. "रमणबागेत ऐकलं होतं त्याची सर नाही," हे वाक्य चपलांबरोबर बाहेर ठेवून आत यायचं. ज्यांनी रमणबागेतल्या सवाई गंधर्व महोत्सवात रात्र जागवून पहाटे भीमसेनजींना ऐकलंय, त्यांना हे जड जातं, कबूल. पण आठवणीतला सूर स्पीकरवर लावता येत नाही. त्याच्यासमोर कुठलंही रेकॉर्डिंग हरणारच आणि बाकीच्यांनी नुसती मान डोलवायची.

आम्ही पाच जण महिन्यातून एकदा पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या एका फ्लॅटमध्ये जमतो. आपापली आवडती रेकॉर्डिंग घेऊन यायचं, एकमेकांसमोर ठेवायची आणि नेमका फरक कुठे आहे ते शोधायचं. पहिले सात-आठ महिने नुसती भांडणं झाली. पुढची पद्धत त्या भांडणांतूनच आली आहे.

माणसं, जागा, वेळ

माणसं चार ते सहा. सातवा आला की दोन कोपऱ्यांत दोन चर्चा सुरू होतात. सगळेच गाणारे नकोत आणि सगळेच नुसते ऐकणारेही नकोत. एकाला तरी ताल मोजता यावा, एकाकडे पेटी असावी.

स्पीकर एकच आणि तोच शेवटपर्यंत. मोबाइलच्या स्वतःच्या स्पीकरवर ऐकू नका, तानपुऱ्याचा खर्ज त्यात गडप होतो. महागडी यंत्रणा नसली तरी चालतं.

वेळ रागाची धरा. मारव्यासाठी दिवेलागणीला जमलात तर निम्मं काम झालंच. गणपतीच्या आधीचा महिना-दीड महिना मात्र नदीकाठी राहणाऱ्याकडे बैठक ठेवू नका. ढोल-ताशांचा सराव सुरू असतो आणि कितीही तयारीची विलंबित (संथ) लय त्यापुढे टिकत नाही.

काय लावायचं

"कुमार गंधर्व की भीमसेन" हा विषय घेऊ नका. त्यातून निष्पन्न काहीच होत नाही. राग एक ठरवा, शक्य असेल तर बंदिशही एकच.

पहिल्या बैठकीसाठी माझी शिफारस बसंत रागातल्या 'फगवा ब्रिज देखन को' या बंदिशीची. अब्दुल करीम खाँसाहेबांनी ती गायली आहे आणि भीमसेनजींनीही. खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व, त्यांचे शिष्य भीमसेनजी. घराणं एक, बंदिश एक, मधे एक पिढी. इतकं सगळं सारखं असलं की जे वेगळं आहे ते नवख्या कानालाही सापडतं. तिसरं रेकॉर्डिंग दुसऱ्या कुठल्याही घराण्यातल्या बसंतचं घ्या.

इथे एक खड्डा आहे आणि आम्ही त्यात पडलो होतो. खाँसाहेब 1937 मध्ये गेले. त्यांची रेकॉर्ड 78 ची (मिनिटाला 78 फेरे), म्हणजे एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं. मैफलीतलं ध्वनिमुद्रण सहज अर्धा-पाऊण तास चालतं. दोन्ही ऐकून आमच्यातल्या एकाने निकाल दिला, "खाँसाहेबांनी बढत केलीच नाही," म्हणजे राग हळूहळू उलगडलाच नाही. करणार कुठे? तीन मिनिटांत मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ), चार आलाप, ताना आणि समाप्ती बसवायची होती. 78 च्या रेकॉर्डशी तुलना करायची ती मुखड्याची, समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येण्याची, तानेच्या दाण्याची, सुराच्या लगावाची. बढत पाहायची असेल तर एलपी (लाँग-प्ले रेकॉर्ड) किंवा मैफल घ्या. एलपीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळतात.

दोन-तीन बैठकांनंतर कान तयार झाले की मारवा, पूरिया आणि सोहनी हे तीन राग एकत्र लावा. तिन्हींत पंचम (प) नाही, रिषभ (रे) कोमल, मध्यम (म) तीव्र, बाकी शुद्ध. स्वर तेच आणि तरी तीन निराळी माणसं. पूरिया गंधार-निषादावर आणि खाली मंद्रात रमतो, सोहनी तार षड्जाच्या (वरच्या सा च्या) अंगणातून हलत नाही. मारवा रिषभ-धैवतावर उभा राहतो आणि सा लपवतो. अमीर खाँसाहेबांचा मारवा (एलपीच्या एका बाजूला तो, दुसरीकडे दरबारी) आणा आणि हातात मोबाइलचं स्टॉपवॉच घ्या. गायक षड्जावर पहिल्यांदा निवांत टेकतो ती वेळ प्रत्येकाने गुपचूप लिहायची. आमच्या पाच वह्यांत पाच निराळे आकडे निघाले. "तो सा नव्हताच, नुसता स्पर्श होता," यावर अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासात मारवा जेवढा कळला तेवढा मला त्याआधी वीस वर्षांत कळला नव्हता.

भूप आणि देशकार ही जोडीही अशीच. पाच स्वर तेच, पण भूप गंधाराकडे झुकतो, देशकार धैवताकडे. किशोरीताईंचं 'सहेला रे' भूपासाठी हाताशी असतंच.

रेकॉर्डिंगची चिठ्ठी

प्रत्येक रेकॉर्डिंगबरोबर एक चिठ्ठी हवी. गायक, राग, बंदिश, ताल, साथीला कोण, माध्यम (78, एलपी, कॅसेट, रेडिओ, खासगी मैफल) आणि ही प्रत कुणाकडून आली. वर्ष खात्रीने माहीत असेल तरच लिहा.

यूट्यूबवरच्या नावावर विसंबू नका. फोटो एकाचा, आवाज दुसऱ्याचा, रागाचं नाव तिसरंच, असं सर्रास असतं. पुण्यातल्या जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी रेकॉर्ड घ्याल तेव्हाही पाकीट पाहून पैसे देऊ नका. पाकिटं अदलाबदल झालेली असतात. रेकॉर्डच्या मधोमध चिकटवलेलं लेबल वाचा आणि लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला क्रमांक उतरवून घ्या. दोन रेकॉर्ड एकाच मूळ मुद्रणाच्या आहेत का, हे त्या क्रमांकावरून कळतं. अगदी सुरुवातीच्या काळात आवाज कुणाचा हा प्रश्न कलाकारच सोडवून टाकत. 1902 मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांनी मुद्रण केलं तेव्हापासून गाणं संपताना आपलं नाव मोठ्याने सांगायची पद्धत होती, कारण रेकॉर्ड दाबल्या जायच्या जर्मनीत आणि तिथल्या माणसांना कोण गातंय हे कळायला हवं होतं.

सा तपासा. खरंच तपासा.

ही पायरी लोक गाळतात. मीही गाळली होती.

माझ्याकडे मारव्याची एक कॅसेट होती, एलपीवरून कुणीतरी भरून दिलेली. गायकाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष त्यांचा नाही. त्या मारव्यात एक धार आहे, तान विजेसारखी येते, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो होतो. एका बैठकीत तीच एलपी दुसऱ्या कुणीतरी आणली. मी ऐकून म्हणालो, "हे जरा मवाळ वाटतंय. दुसरं ध्वनिमुद्रण असणार." बँकेतून निवृत्त झालेले आमचे एक काका काही न बोलता पेटीजवळ गेले. एलपीचा सा पेटीच्या पांढरी एक या पट्टीला लागला, माझ्या कॅसेटचा काळी एकला. बरोबर अर्धा स्वर वर. मग त्यांनी घड्याळ लावलं. एलपीची बावीस मिनिटांची बाजू माझ्या कॅसेटवर पावणेएकवीस मिनिटांत संपली.

"धार कॅसेट भरणाऱ्याची आहे हो," काका म्हणाले आणि चहा घ्यायला उठले.

गणित सोपं आहे. टेप किंवा रेकॉर्ड सहा टक्के जलद फिरली की सूर अर्धा स्वर चढतो, लय तेवढीच वाढते आणि आवाज कोवळा, तरुण वाटू लागतो. उलट दिशेला गेलं की गायक भारदस्त वाटतो. जुन्या 78 च्या बाबतीत तर हे नेहमीचं, कारण सुरुवातीच्या काळात सगळ्या कंपन्यांचा वेग नेमका 78 नव्हताच.

म्हणून प्रत्येक रेकॉर्डिंगचा सा पेटीवर किंवा तानपुरा ॲपवर शोधा आणि चिठ्ठीवर लिहा. तो दोन पट्ट्यांच्या मधे आला म्हणून लगेच वेग चुकलाय असं समजू नका, तानपुरा तसा लावलेला असू शकतो. त्याच गायकाचं त्याच काळातलं दुसरं रेकॉर्डिंग घेऊन ताडून पाहा किंवा पाकिटावर छापलेली मिनिटं मोजा. वेग चुकलाय याची खात्री पटली तर ऑडॅसिटी या फुकट सॉफ्टवेअरमध्ये वेग बदलून घ्या. यूट्यूबवर वेग कमी-जास्त करून उपयोग नाही, तिथे लय बदलते पण सूर जागचा हलत नाही.

आवाज सारखा करा

दोन रेकॉर्डिंगांत एक किंचित मोठ्याने वाजत असलं तर तेच जास्त भरीव, जास्त जिवंत वाटतं. हा कानाचा स्वभाव आहे, कितीही जाणकार असला तरी सुटका नाही. गायक सुरुवातीला षड्ज भरतो तिथे थांबून दोन्हींचा आवाज जुळवा. तबल्यावर जुळवू नका, ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी तबला कुठे पुढे आणलेला असतो, कुठे मागे. 78 ची खरखर असेल तर दोन मिनिटं तशीच ऐकू द्या, कान आपोआप ती बाजूला सारतो. खरखर काढून टाकलेल्या प्रतींत बरेचदा आवाजाची वरची चमकही गेलेली असते, म्हणून मी तरी मळकी प्रत पसंत करतो.

ऐकताना

नाव झाकून ऐकण्याचा प्रयोग करा, पण त्याची मर्यादा ओळखून. भीमसेनजी किंवा किशोरीताई पहिल्या सुरात ओळखू येतात आणि ओळखले की हात कानाच्या पाळीकडे जातोच. सतार, सरोद किंवा कमी ऐकलेले गायक असतील तर मात्र नाव झाकल्याने फार गमती होतात.

तुकडे पाडून ऐकायचे. पहिल्या फेरीत मुखडा आणि पहिली दोन आवर्तनं (तालाचे पूर्ण फेरे). विलंबित एकतालाचं एकेक आवर्तन मिनिटभर चालू शकतं, म्हणून घाई नको. दुसऱ्या फेरीत द्रुताची (जलद भागाची) सुरुवात आणि एक तान. प्रत्येक तुकडा दोनदा, क्रम उलटा करून, कारण शेवटी ऐकलेलं मनात ताजं राहतं. तुकडा चालू असताना "वा" चालेल, बाकी काही नाही. "आता बघा हं, आता येईल," म्हणणाऱ्याला पुढच्या महिन्यात वडे आणायला लावा.

लिहायचं थोडंच. माझ्या वहीतली एक ओळ अशी आहे: "दुसरं रेकॉर्डिंग, 4:10, समेच्या आधी दोन मात्रा मोकळ्या सोडल्या, तबलाही थांबल्यासारखा." त्यात एकही विशेषण नाही.

बोलताना

एकच अट: वेळ सांगायची. "यांच्या गाण्यात आर्तता आहे," असं कुणी म्हटलं की विचारायचं, कितव्या मिनिटाला? मग तिथे जाऊन पुन्हा लावायचं. निम्म्या वेळा ती आर्तता सारंगीची निघते. उरलेल्या वेळा सगळ्यांना ऐकू येते आणि मग पुढे बोलण्यासारखं काही असतं.

घराण्याचा आधार जपून घ्या. "किराणा घराण्यात असंच असतं," हे वाक्य ऐकू आलं ते सांगण्यापेक्षा पुस्तकात वाचलेलंच जास्त सांगतं. गुण द्यायचे नाहीत, पहिला-दुसरा काढायचा नाही. आमच्यातल्या एका ताईंनी एकदा दहापैकी गुणांचा तक्ता करून आणला होता. अत्यंत सुबक होता. पुढच्या दोन बैठकांना दोन माणसं आली नाहीत.

मत बदललं तर तसं सांगा आणि वहीत तारीख घाला. काकांनी माझ्या कॅसेटची तारीख घातलेली आहे, अधूनमधून वाचूनही दाखवतात.

सगळं झालं की त्या दिवशीचं एक रेकॉर्डिंग अथपासून इतिपर्यंत ऐकायचं, वही मिटून, दिवे मंद करून. कुठलं, ते यजमान ठरवतो. त्यावर चर्चा नाही. पुढच्या वेळचा राग मात्र सगळे खोलीत असतानाच ठरवून टाका. व्हॉट्सॲपवर सोडलंत तर दरवेळी यमनच ठरतो.