लिरिक व्हिडिओ: आधी खुणा, मग अक्षरं

लिरिक व्हिडिओत गाण्याचे शब्द पडद्यावर गाण्यासोबत उमटतात. तो बनवताना आफ्टर इफेक्ट्स या अॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिओ लेयर (गाण्याचा थर) निवडा, नमपॅडवरचं (कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांच्या कळांमधलं) टिंब दाबून गाणं सुरू करा आणि प्रत्येक ओळ सुरू होताच नमपॅडवरचा * दाबा. प्रीव्ह्यू थांबला की लेयरवर खुणा उमटलेल्या दिसतात. बोट नेहमी उशिराच पडतं. म्हणून ओळीची अक्षरं खुणेच्या २-३ फ्रेम (व्हिडिओतली सुटी चित्रं) आधी आणा.

एकच ओळ पूर्ण सजवा, मग तिच्या नकला करून फक्त शब्द बदला. मराठीत खरी गोची पुढे आहे. अक्षरं हलवणाऱ्या टेक्स्ट अॅनिमेटरच्या रेंज सिलेक्टरमध्ये (मजकुराचा कोणता भाग हलेल ते ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये) ‘बेस्ड ऑन’ला ‘वर्ड्स’ ठेवा. ‘कॅरेक्टर्स’ ठेवलं तर मात्रा, जोडाक्षरं सुटी होऊन उडू शकतात. जुन्या आवृत्तीत वेलांटीच चुकीच्या बाजूला दिसली, तर प्रेफरन्सेसच्या ‘टाइप’मध्ये दक्षिण आशियाई लिपींचं इंजिन निवडा.